'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू चढी का वाजते?

आज जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची जुनी तबकडी आणि नंतरची सीडी पाठोपाठ ऐकली. दोन्हींच्या सुरात फरक आहे, आणि तो कानाचा भास नाही.

न्यूयॉर्कच्या पूर्व ३०व्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. उंच छत, लाकडी जमीन. या अल्बमच्या २ मार्च १९५९ च्या सत्रात तिथलं मुख्य टेपमशीन जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतोच. त्या दिवसाच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूवर आहेत, म्हणून ती अख्खी बाजू चढी. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक आहे. सुदैवाने जोडीला दुसरं मशीनही चालू होतं. त्याच्या टेपवरून १९९२ मध्ये सूर दुरुस्त झाला.

जुन्या तबकडीसोबत रियाज करणाऱ्यांनी पहिल्या बाजूवरच्या 'सो व्हॉट'ला पियानोवर डी हा स्वर धरावा (मधले ८ बार, म्हणजे तालाची ८ आवर्तनं, ई फ्लॅटमध्ये, ती सोडा) आणि जुळेपर्यंत टर्नटेबलचा वेग कमी करावा. १ टक्क्याला सूर साधारण १७ सेंट उतरतो. अर्धस्वर, म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर, १०० सेंटचा. बाजू उलटली की वेग परत नेहमीचा करा, नाहीतर दुसऱ्या बाजूवरचं 'ऑल ब्लूज' उतरेल. वेग न बदलता गिटारच तबकडीला जुळवून घेण्याचा सल्ला मला पटत नाही. पुढच्या बाजूला परत तारा पिळत बसायच्या!

रॉकवाल्यांसाठी: पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मधला ऑर्केस्ट्रा १९७९ मध्ये याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. आता ती इमारत उरलेली नाही.