चिवट

मंगळवार, रात्री उशिरा

माई फोनवर सहज बोलून गेल्या, "तुझं काय बाई, तू पहिल्यापासून चिवट." विषय घराच्या वाटणीचा होता, तो तिथेच राहिला. शब्द मात्र परवापासून दातात अडकलाय. तण चिवट असतं, डाग चिवट असतो. दादाला त्या खंबीर म्हणतात.

आजही कामावरून येताना फ्रीमाँट पूल ओलांडला. विलामेट नदीवरची ३८२ मीटरची पोलादी कमान, खाली दोन मजली रस्ता. पोर्टलंडमध्ये सगळे त्या कमानीचेच फोटो काढतात. भार आला की कमान पाय फाकवायला बघते आणि तिला आडवा टाय गर्डर, म्हणजे दोन्ही पाय बांधून ठेवणारी पोलादी तुळई, ओढून धरतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही. (माझाही... जाऊ दे.)

१६ मार्च १९७३ ला कमानीचा मधला सुमारे ६ हजार टनांचा तुकडा ३२ जॅकनी उचलून वर बसवला, ही गोष्ट इथे कौतुकाने सांगतात. मला त्याआधीचा तडा आठवतो. ऑक्टोबर १९७१, काम चालूच होतं, पुलावरून एक गाडी गेली नव्हती आणि पश्चिमेकडच्या गर्डरला सहा फुटी भेग सापडली. निस्तरायला ५५ लाख डॉलर लागले.

जाड पत्र्याची हीच भीती. तो वेल्डिंगची उष्णता झटकन पिऊन टाकतो, सांधा घाईने थंड होतो आणि कडक बनतो. त्याला आकसायचं असतं, भोवतालचं पोलाद आकसू देत नाही. ताण आतल्या आत राहतो, बाहेरून काही दिसत नाही. इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगच्या कांड्या, दमट असले तर हायड्रोजन शिरतो आणि तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जातो. म्हणून पत्रा आधी शंभर अंशांच्या वर तापवून घ्यायचा, इलेक्ट्रोड भट्टीत कोरडे ठेवायचे आणि तपासणीची घाई करायची नाही.

मजबुती तुकडा ओढून मोजतात. चिवटपणाची परीक्षा निराळी. ५५ मिमी लांबीचा, १० बाय १० चा तुकडा घ्यायचा, मधोमध २ मिमीची खाच पाडायची, तुकडा थंड करायचा आणि खाचेच्या पाठीवर लंबकाचा हातोडा सोडायचा. लंबक पलीकडे जितका कमी चढेल तितका तुकडा चिवट. ठिसूळ तुकडा खाडकन तुटतो, तुटलेली बाजू साखरेसारखी चमकते. चिवट तुकडा आधी वाकतो, ताणला जातो, त्याची बाजू मळकट, तंतुमय दिसते. दिसायला अगदीच सामान्य.

१५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर पूल पडला, ४६ माणसं गेली. सुरुवात पूल पेलणाऱ्या साखळीच्या एका दुव्यातल्या अडीच मिलिमीटरच्या तड्यापासून झाली. पोलाद चांगलं मजबूत होतं. चिवट नव्हतं. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत पुलांच्या मुख्य पोलादाला ही हातोड्याची परीक्षा सक्तीची झाली.

म्हणजे माईंनी मला प्रमाणपत्रच दिलं म्हणायचं. खाच पाडून, थंड करून, हातोडा मारून झाल्यावर.

त्यांना हे फोन करून सांगावं असं मघाशी फार वाटलं. पण त्या काय म्हणतील ते ठाऊक आहे: "बघा, अजून तेच धरून बसलीये."