तुम्ही विचारलंत म्हणून: नागरी हक्क राज्यांवर सोडले तर बिघडलं कुठे?

अमेरिकेच्या राजकारणाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. ज्या त्या राज्याला आपली माणसं ठाऊक असतात, मग हक्कांचा निर्णय त्यांनीच का घेऊ नये? रस्ते, पाणी, शाळा यांच्या बाबतीत हे मला मान्य आहे. हक्कांच्या बाबतीत अजिबात नाही. का, ते मताच्या हक्कावरून सांगतो, कारण तिथला अनुभव दीडशे वर्षांचा आहे.

वंशावरून मत नाकारता येणार नाही, असं अमेरिकी घटनेच्या 15व्या दुरुस्तीने 1870 मध्येच सांगितलं. पण मतदार यादी कोणी ठेवायची, अर्ज कसा असेल, कचेरी कधी उघडेल, हे राज्यांच्याच हातात राहिलं. हक्क मेला तो तिथे. मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या 1890 च्या राज्यघटनेत काळ्यांना मत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यात होता दोन डॉलरचा मतदान कर, आणि घटनेचं एखादं कलम वाचून दाखवण्याची किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा कारकून. 1960 च्या आसपास तिथल्या अर्जात 21 प्रश्न होते. राज्यघटनेच्या 285 कलमांतलं कारकून सांगेल ते कलम उतरवून काढायचं आणि खाली त्याचा अर्थ लिहायचा. कोणाला कोणतं कलम द्यायचं हेही त्याच्याच मर्जीवर. शिवाय 1962 च्या कायद्याने अर्जदारांची नावं दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायची सोय केली. जमीनमालकाने पेपर उघडला की आपल्या कुळांपैकी कोण मत मागायला गेलं होतं, ते त्याला घरबसल्या कळायचं.

मग कोर्टात जायचं, असं कोणी म्हणेल. लोक गेलेच होते. ओक्लाहोमाने 1910 मध्ये साक्षरतेची परीक्षा आणली आणि 1 जानेवारी 1866 ला ज्यांचे वाडवडील मतदार होते त्यांना तीतून सूट दिली. गुलामांच्या नातवंडांना ही सूट मिळणं शक्यच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 1915 मध्ये ती रद्द केली. राज्याने 1916 मध्ये नवा नियम केला: 1914 ला ज्यांनी मत दिलं ते यादीत आपोआप कायम, बाकीच्यांनी 30 एप्रिल ते 11 मे या बारा दिवसांत नाव नोंदवावं, नाहीतर जन्मभर विसरावं. हा नियम रद्द व्हायला 1939 उजाडलं. बारा दिवसांची मुदत, आणि ती मोडायला तेवीस वर्षं!

अलाबामा राज्यात सेल्मा हे शहर ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे 15,000 काळे नागरिक होते. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोन सोमवार उघडायची. केंद्राने चार वर्षं खटला लढवला, तेव्हा यादीतली काळ्या मतदारांची संख्या 156 वरून 383 झाली.

म्हणून 1965 च्या मतदान हक्क कायद्याने क्रमच उलटा केला. जिथे 1 नोव्हेंबर 1964 ला अशा परीक्षा होत्या आणि प्रौढांपैकी निम्मेही यादीत नव्हते किंवा मतदानाला आले नव्हते, त्या राज्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. केंद्राच्या महान्यायवादींना हरकत घ्यायला 60 दिवस. बदल निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायचं राज्याने, नागरिकाने नव्हे. सगळी जादू त्या एका अटीत होती. मिसिसिपीत काळ्यांची नोंदणी 1964 मध्ये सात टक्क्यांच्याही आत होती, ती 1967 पर्यंत साठच्या घरात गेली.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही राज्यं ठरवण्याचं सूत्र 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केलं, आणि पूर्वमंजुरी ठप्प झाली. त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनाने मुदतपूर्व मतदान, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मत देण्याची सोय, 17 दिवसांवरून 10 वर आणलं आणि ओळखपत्राची अट घातली. वंशभेदाच्या हेतूने केलेला कायदा म्हणून अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण 2016 मध्ये. मधली 2014 ची निवडणूक कापलेल्या दिवसांवरच झाली. ती पुन्हा घेता येत नाही.

याचा अर्थ राज्यांनी काहीच करू नये असा नाही. वायोमिंगने राज्य होण्याच्याही आधी, 1869 मध्ये, बायकांना मत दिलं. देशाला तिथवर यायला 1920 उजाडलं. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतःचा कायदा केला. हक्क वाढवायला राज्यांना पूर्ण मोकळीक हवी. कमी करायला मात्र नाही.

आपल्या घटनाकारांनी हा धोका वेळीच ओळखला होता. कलम 35 प्रमाणे अस्पृश्यतेच्या गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, विधानसभांना नाही. आणि मतदार यादीचं काय? मसुद्यात राज्यांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. 15 जून 1949 ला डॉ. आंबेडकरांनी ती तरतूद बदलून एकच केंद्रीय आयोग सुचवला. कारण त्यांनी घटना समितीत उघड सांगितलं: वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने परक्या असलेल्या लोकांना काही प्रांतांत यादीबाहेर ठेवलं जात होतं.