गुंड्या एवढा जाड झाला कधी?

मांजर रोज डोळ्यासमोर असतं ना, त्यामुळे ते जाड होतंय हे आपल्याला कळतच नाही. मला कळलं ते पण पोट बघून नाही. शेपटीच्या अगदी मुळाशी, पाठीवर, त्याचे केस चिकटून गुंता झालेला आणि खाली कोंडा, बाकी अंग एकदम चकचकीत. मला वाटलं स्किनचं काहीतरी असेल. व्हेट मॅडमनी एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, अहो, त्याची जीभ तिथपर्यंत पोचतच नाहीये.

काट्यावर ठेवला तर ५.६ किलो. आठ महिन्यांपूर्वी नसबंदी केली तेव्हा ४.२ होता. १.४ किलो म्हणजे वाचायला काहीच नाही, पण माणसात धरलं तर ६० चा ८० झाला की हो.

मी आपलं लगेच थायरॉइड थायरॉइड सुरू केलं. तर मांजरांचं उलटंच असतं, त्यांना थायरॉइड जास्त झाल्याचा त्रास कॉमन आणि त्यात वजन उतरतं. मॅडमनी विचारलं स्टेरॉइड चालू होतं का, पाणी जास्त पितो का, आणि पोट नीट दाबून बघितलं, कारण नुसतं पोटच फुगलंय आणि पाठीची हाडं मात्र हाताला लागतायत असं असेल तर ती चरबी नसून आत पाणी झालेलं पण असू शकतं. आमच्याकडे हाडंबिडं काही नाही, बरगड्या शोधाव्या लागत होत्या. वरून बघितलं तर कंबर गायब, नुसती उशी. (पोटाखाली लोंबणारी कातडी बारीक मांजरांना पण असते हां, त्यावरून ठरवू नका.)

नसबंदीनंतर भूक वाढते आणि कॅलरी मात्र कमी लागतात, आणि मी आपली आधीइतकंच खाऊ घालत होते. आधीइतकंच असं मला वाटत होतं. घरी येऊन तोच अर्धा कप ड्राय फूड किचनच्या काट्यावर चार वेळा मोजलं, तर कधी ४५ ग्रॅम कधी ५८. दहा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे ३५-४० कॅलरी, आणि असल्या मांजराला अख्ख्या दिवसाला लागतात साधारण २००-२५०! त्यात घरात नवीन आलेलं पिल्लू, तिचं किटन फूड दिवसभर उघडं, जे मुळातच जास्त फॅटचं असतं. ती कशी काय एवढी छान खाते म्हणून मी कौतुक करत होते. खात कोण होतं ते कळलं असेलच.

मग मी म्हटलं उद्यापासून निम्मं. मॅडम जवळजवळ ओरडल्याच. जाड मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर अंगातली चरबी सगळी लिव्हरवर जाऊन बसते आणि जिवावर बेतू शकतं. आठवड्याला एक टक्का, म्हणजे ५०-६० ग्रॅम उतरलं तरी भरपूर. थोडं ड्राय कमी करून त्याजागी वेट फूड दिलं, त्यात पाणीच जास्त असतं त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि साहेब खूश. ट्रीट्स पण दिवसाच्या हिशोबातूनच वजा. उरलेलं ड्राय मी एकेक दाणा लांब फेकते, तो धावतो. पहिले चार दिवस धावला नाही, बसून दाण्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

पहाटे साडेचारचा ठणाणा अजून चालू आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दहा आठवड्यांनी ५.१. शेपटीपाशी स्वतःचं स्वतः चाटतो आता, कोंडा गेला. पिल्लाची वाटी मी कपाटावर ठेवायचे, कारण तिथे तिचीच उडी जायची. परवा वरून कुरुमकुरुम आवाज आला म्हणून बघितलं, तर पिल्लू खाली माझ्या पायाशी.