एसीचं पाणी कुणाच्या अंगणात

आमच्या लातुरात ‘पाणी गळायलंय’ अशी हाक आली की घरातलं निम्मं माणूस उठून बसतं. २०१६च्या एप्रिलात या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी, हा हिशेब त्या वर्षी पानटपरीवरसुद्धा ऐकू यायचा. अशा गावात खिडकीतल्या एसीखाली आधी बादली लागते, मेकॅनिकला फोन नंतर जातो.

खरं तर मराठवाड्याचा उन्हाळी सोबती म्हणजे कूलर. कोरड्या हवेत त्याच्यासारखं काही नाही. पण तो पाणी पितो, आणि नेमका पाण्याच्या ओढीच्या दिवसांत पितो. एसीचं उलटं. तो हवेतलं पाणी काढून आपल्याला देतो. आतल्या गार कॉइलवर खोलीतली हवा आपटली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि खालच्या ट्रेमध्ये ठिबकतं. मे महिन्यात, हवा खडखडीत असते तेव्हा, हे पाणी थोडं. मृगाचे ढग आले, अंग चिकचिकायला लागलं, की तोच एसी भराभर पाणी टाकतो. जूनमध्ये मेकॅनिकचा फोन लागत नाही त्यामागं हेही एक कारण असावं.

एसीचा जन्मच मुळी ओल काढण्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळं कागद फुगायचा, आकसायचा. रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं त्यावर तोड म्हणून यंत्र आखलं. म्हणजे एसीनं पाणी टाकणं हा बिघाड नव्हे, ते त्याचं काम. प्रश्न एवढाच की ते पडतं कुठं.

बाहेर पडलं तर ठीक. खोलीत पडलं तर पहिला संशय बसवण्यावर घ्यावा. विंडो एसी किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेला हवा, साधारण पाव ते अर्धा इंच. नक्की किती ते कंपनीच्या पुस्तकात असतं. आमच्याकडच्या सुताराला मात्र ओळंबा म्हणजे धर्म. तो लाकडी चौकटीत एसी असा नाकासमोर सरळ बसवून देतो की पाण्यानं कुठं जावं हे पाण्यालाच कळत नाही.

उतार बरोबर असूनही गळत असेल तर ट्रे पाहायचा. तिथं धूळ आणि शेवाळ मिळून चिखल होतो आणि पाण्याची वाट बुजते. डाळमिलच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तुरीच्या फोलपटाचा भुसा कुठं कुठं शिरतो ते त्यांनाच ठाऊक. विजेचा प्लग काढून ट्रे धुतला की बहुतेक वेळा काम भागतं. पण मागून पाण्याचा चपचप आवाज येतो म्हणून ट्रेला ड्रिलनं भोक पाडायला कुणी निघालं तर त्याचा हात धरावा. पुष्कळ मॉडेलांत मागच्या पंख्याला कडं असतं. ते ट्रेमधलं पाणी मुद्दाम उडवून मागच्या, बाहेरच्या बाजूच्या तापलेल्या कॉइलवर मारतं, त्यानं ती कॉइल निवते. शिवाय भोक चुकीच्या जागी पडलं तर गॅसची नळी फुटायची.

तिसरा प्रकार जरा फसवा. एसी चालू असताना काही नाही, बंद केला की समोरून धार. हवा गाळणारी समोरची जाळी मळलेली असली की आतल्या कॉइलवरून हवा पुरेशी फिरत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि बंद केल्यावर तो वितळतो. नुसता पंखा चालू ठेवून बर्फ विरघळू द्यावा, जाळी धुऊन वाळवून बसवावी. स्क्रू ड्रायव्हरनं बर्फ खरवडू नये. तरीही बर्फ धरत राहिला तर एसीतला गारवा देणारा गॅस कमी असू शकतो. ‘गॅस संपला, भरून टाकू’ असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारतो, गेला कुठं? तो काही स्वयंपाकाच्या सिलिंडरातला गॅस नाही, वापरून संपायला. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. ती न शोधता नुसता भरून घेणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच ठरवून ठेवणं.

हे सगळं जमलं आणि पाणी शहाण्यासारखं बाहेर पडायला लागलं, की नवं प्रकरण सुरू होतं. कारण बाहेर म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणात, आणि उन्हाळ्यात तिथं कुरडया वाळत घातलेल्या असतात. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी नुसत्या वर बघतात, दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारतात. मागच्या तोटीला रबरी पाइप लावून तो आपल्या हद्दीत घेणं हाच त्यावरचा उपाय. ते पाणी फरशी पुसायला, झाडांना उत्तम. प्यायला नको, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको. दिसायला नितळ असलं तरी कॉइलवरची धूळ धुऊनच ते खाली येतं. बॅटरीचं पाणी दुकानातूनच आणावं.

आम्ही पाइप लावला. काकूंच्या कुरडया वाळून डब्यात गेल्या, आणि मग त्याच म्हणाल्या, “तुमचा पाइप आमच्या कढीपत्त्याकडं वळवा की जरा.”