प्रॉस्त्येयोवला जाताय? डबल्स संपेपर्यंत उठू नका

आम्ही चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला राहतो, लेक बारा वर्षांची, क्लबात टेनिस खेळते. त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीला प्रॉस्त्येयोवची वारी ठरलेलीच. १४ वर्षांखालच्या मुलामुलींच्या ‘वर्ल्ड ज्युनिअर टेनिस’ या सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी १९९९पासून या मोराव्हियातल्या छोट्या गावात होते. आपापल्या खंडातून पात्र ठरलेले मुलांचे १६ आणि मुलींचे १६ संघ, एका संघात तीनच खेळाडू. दोन सिंगल्स, मग डबल्स. तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघाची लढत.

फायनलसाठी म्हणून शनिवारी जाऊ नका. सुरुवातीच्या गटसाखळीत जा. तेव्हा सगळ्या कोर्टांवर एकदम खेळ चालू असतो, आणि एका बाकावरून दोन लढती दिसतात.

आम्ही बसलो होतो तिथे १-१ झालं होतं. सिंगल्स हरून आलेली मुलगी डोळे पुसतच डबल्सला उतरली. सांघिक स्पर्धा असल्यामुळे कॅप्टन कोर्टवरच बसतो, बाजू बदलताना बोलू शकतो. हिच्या कॅप्टनबाईंनी एक शब्द काढला नाही, अर्धं केळं सोलून हातात दिलं. पुढच्याच गेममध्ये बॉल रेषेवर की बाहेर, यावरून वाद. अंपायर खुर्चीवरून उतरून लाल मातीतला ठसा बघायला आले, चौघीही वाकून बघायला लागल्या. बाहेर निघाला. पार्टनरने हिच्या पाठीत एक धपका घातला, दोघी हसल्या. आमच्याकडे डबल्स म्हणजे सराव संपल्यावरची गंमत समजतात. असं का, ते लेकीच्या कोचना आता मीच विचारणार आहे.

आता कामाचं. प्रागहून येणार असाल तर ओलोमोउत्सपर्यंत रेल्वे, तिथून लोकल गाडीने वीसेक मिनिटं. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचं आधीच बघावं, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. खर्चाला चेक कोरुना लागतात, युरोवर विसंबू नका. टोपी आणि पाणी हवंच, पण पातळ रेनकोटही. मातीची कोर्टं, जोराची सर आली की खेळ थांबतो. अशा वेळी गावात जाऊन वास्तुविशारद यान कोटेरांनी बांधलेलं १९०७चं ‘नारोद्नी दूम’ (राष्ट्रीय भवन) बघावं. शाकाहारींच्या नशिबी बहुतेक तळलेलं चीज आणि बटाटे. पहिल्या दिवशी बरं लागतं, दुसऱ्या दिवशी डब्यातली थालीपिठं आठवतात. आम्ही नेली होती.

आणि स्टेशनं दोन आहेत! ब्रनो-ओलोमोउत्सच्या गाड्या ‘ह्लाव्नी’ म्हणजे मुख्य स्टेशनवर थांबतात. परतताना मी घाईघाईत दुसरंच, ‘मीस्त्नी’ म्हणजे स्थानिक स्टेशन गाठलं. तिथे फलाटावर लेक मोजे झटकत बसली होती, लाल माती काही केल्या जाईना.