शिक्षा सुनावण्याआधीचा अहवाल आणि तो तपासणारा सुपरवायझर

अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात आरोपीने गुन्हा कबूल केला किंवा ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, तरी शिक्षा सहसा त्याच दिवशी सुनावली जात नाही. न्यायाधीश साधारण तीन महिन्यांनंतरची तारीख देतात आणि प्रकरण कोर्टाच्या प्रोबेशन ऑफिसकडे येतं. तिथला एक ऑफिसर गुन्ह्याची, आधीच्या शिक्षांची, घरादाराची, तब्येतीची, पैशाअडक्याची चौकशी करून अहवाल लिहितो. इथे सगळे त्याला पीएसआर (प्रीसेन्टेन्स रिपोर्ट) म्हणतात. ऑफिसरांनी लिहिलेले हे अहवाल न्यायाधीशांकडे जाण्याआधी तपासून सही करणं, हे सुपरवायझरचं, म्हणजे माझं, काम.

प्रोबेशन ऑफिसर म्हटलं की सुटून आलेल्या माणसावर लक्ष ठेवणारा, असं चित्र डोळ्यासमोर येतं. ते काम आहेच, पण बहुतेक ऑफिसांत त्यासाठी वेगळे लोक असतात आणि अहवाल लिहिणारे वेगळे. दोघेही न्यायालयाचे नोकर. पोलिसांशी किंवा सरकारी वकिलांच्या ऑफिसशी त्यांचा नोकरीचा संबंध नसतो. नवीन ऑफिसरला हे पहिल्या आठवड्यात सांगावं लागतं आणि नंतरही सांगत राहावं लागतं. कारण गुन्ह्याची पहिली फाइल सरकारी वकिलाकडूनच येते आणि तिची भाषा नकळत अहवालात उतरते.

भारतातही असा अहवाल कायद्यात आहे. १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्टच्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालच्या दोषी व्यक्तीबाबत कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. फाशीच्या प्रकरणांत तो मागवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात स्पष्ट केलं. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात मात्र थोडे अपवाद सोडले तर प्रत्येक प्रकरणात अहवाल लागतो, मग शिक्षा सहा महिन्यांची असो की जन्मठेपेची.

सुपरवायझरची पहिली लढाई कॅलेंडरशी. फौजदारी प्रक्रियेच्या नियम ३२ मध्ये तीन आकडे आहेत. शिक्षेच्या तारखेआधी किमान ३५ दिवस अहवाल आरोपी, त्याचा वकील आणि सरकारी वकील यांच्या हातात पडला पाहिजे. त्यांना हरकती घ्यायला १४ दिवस. आणि हरकतींच्या पुरवणीसह अंतिम अहवाल न्यायाधीशांकडे किमान ७ दिवस आधी. तीन महिन्यांतून ३५ दिवस वजा केले की ऑफिसरच्या हाती आठ आठवडेही उरत नाहीत. त्यात शेवटचा आठवडा तपासणीसाठी राखावा लागतो. म्हणून मुलाखत पहिल्या दोन आठवड्यांत झालीच पाहिजे आणि रेकॉर्ड मागवायची पत्रं मुलाखतीच्या आधी सुटली पाहिजेत. उशीर होतो तो बहुधा लिहिण्यात होत नाही, कुठल्या तरी काउंटी कोर्टातून वीस वर्षांपूर्वीच्या निकालाची प्रत येण्यात होतो. प्रकरण वाटून दिल्यावर दहाव्या दिवशी मी एकच प्रश्न विचारतो: कुठली पत्रं गेली आणि कुठली अजून जायची आहेत?

मुलाखतीला वकील हजर राहू शकतो. त्याने तशी विनंती केली असेल तर त्याला आधी कळवणं आणि यायची रास्त संधी देणं बंधनकारक आहे. मुलाखत ऑफिसात किंवा तुरुंगात होते आणि नीट घेतली तर दोन-तीन तास चालते. जामिनावर असलेल्या माणसाच्या घरीही जाऊन यावं. गुन्ह्याबद्दल वकिलाच्या सल्ल्याने तो काही बोलणार नसेल तर तो विषय तिथेच थांबवायचा आणि बाकीचं विचारायचं: शाळा, नोकऱ्या, लग्न, मुलं, आजार, औषधं, दारू, कर्ज. माणूस जे सांगेल ते त्याचं म्हणणं म्हणून लिहायचं आणि मग कागदाने किंवा दुसऱ्या माणसाकडून पडताळायचं. जे पडताळता आलं नाही, तिथे तसं स्पष्ट लिहायचं.

दारूचा परिच्छेद घ्या. नवखा ऑफिसर लिहितो, ‘आरोपी अधूनमधून मद्यपान करतो.’ हे वाक्य मी परत पाठवतो. काय पितो, किती, आठवड्यातून किती वेळा, कधीपासून, शेवटचं कधी, त्यापायी नोकरी गेली का, कधी उपचार घेतले का? फेडरल तुरुंगात व्यसनमुक्तीचा एक मोठा निवासी कार्यक्रम आहे. अहिंसक गुन्ह्यातल्या पात्र कैद्याने तो पूर्ण केला तर शिक्षा एक वर्षापर्यंत कमी होऊ शकते. प्रवेशासाठी अटकेच्या आधीच्या १२ महिन्यांतल्या व्यसनाची नोंद बघतात आणि ती बघायची पहिली जागा म्हणजे आमचा अहवाल. मुलाखतीत लाजेपोटी ‘कधीतरी घेतो’ म्हणणारा माणूस आणि ते तसंच उतरवून घेणारा ऑफिसर, दोघं मिळून ती वाट बंद करतात. उलट बाजूही खरी आहे. वकिलाने शिकवलेलं व्यसन अहवालात घुसू नये म्हणून बायकोला, भावाला, डॉक्टरला विचारणं तितकंच गरजेचं.

आता हिशेब. शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं १ नोव्हेंबर १९८७ पासून लागू आहेत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या बुकर निकालानंतर ती बंधनकारक राहिली नाहीत, तरी प्रत्येक न्यायाधीशाला सुरुवात तिथूनच करावी लागते. तक्त्यात उभ्या बाजूला गुन्ह्याच्या ४३ लेव्हल आणि आडव्या बाजूला पूर्वेतिहासाच्या, म्हणजे आधीच्या शिक्षांच्या गुणांवरून ठरणाऱ्या, ६ श्रेणी. जिथे दोन्ही मिळतात तिथे महिन्यांची मर्यादा.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. वायर फ्रॉडचं, म्हणजे फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीचं प्रकरण, पहिलाच गुन्हा, कबुली दिलेली. सुरुवात ७ लेव्हलपासून. नोव्हेंबर २०१५ मध्ये लागू झालेल्या नुकसानीच्या तक्त्यात १,५०,००० डॉलरच्या वर १० लेव्हल वाढतात आणि २,५०,००० च्या वर १२. ऑफिसरने नुकसान २,५२,००० लिहिलं, म्हणजे ७ अधिक १२, एकूण १९. कबुलीबद्दल ३ वजा, उरले १६. श्रेणी १ मध्ये ही मर्यादा २१ ते २७ महिने. पण बँकेच्या उताऱ्यात दिसतं की फसवणूक उघडकीला येण्याच्या आधीच त्याने एका ग्राहकाला ५,००० परत केले होते. ते वजा व्हायला हवेत. नुकसान २,४७,०००, लेव्हल १७, कबुलीनंतर १४, मर्यादा १५ ते २१ महिने. सहा महिन्यांचा फरक, आणि तो उताऱ्यातल्या एका ओळीवर अवलंबून. शिवाय २०२३ पासून पूर्वेतिहासाचा एकही गुण नसलेल्यांना, बाकीच्या अटी बसल्या तर, आणखी २ लेव्हल कमी मिळतात. ती तपासणी दोन्ही हिशेबांत करायचीच असते.

म्हणून ऑफिसरचा हिशेब मी आधी बघत नाही. कबुलीचा करार आणि मूळ कागद घेऊन स्वतः आकडे मांडतो, मगच त्याचे आकडे उघडतो. आधी त्याचं उत्तर पाहिलं की आपलं डोकं त्याच वाटेने जातं आणि चूक दिसत नाही.

सगळ्यात जास्त चुका पूर्वेतिहासात होतात. एक वर्ष एक महिन्यापेक्षा जास्त कैद झाली असेल तर ३ गुण, किमान ६० दिवसांची असेल तर २, त्याखाली १, आणि अशा एक-एक गुणांची बेरीज ४ च्या वर नेता येत नाही. बरोबर तेरा महिन्यांच्या शिक्षेला २ गुण, कारण ती मर्यादेइतकी आहे, मर्यादेच्या वर नाही. ‘दोन वर्षं, पैकी सहा महिने सोडून बाकी स्थगित’ अशी शिक्षा सहा महिन्यांची धरायची, म्हणजे २ गुण, पण घाईत तिथे ३ लिहिले जातात. दोन गुन्ह्यांच्या शिक्षा एकाच दिवशी झाल्या आणि मध्ये अटक नव्हती, तर त्या एकच धरायच्या. पोलिसांच्या संगणकात अटक दिसते, निकाल बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे कोर्टाच्या निकालाची प्रत समोर नसेल तर माझ्याकडून गुण मंजूर होत नाहीत. एखाद्या चुकीच्या गुणाने श्रेणी बदलते आणि श्रेणी बदलली की महिने बदलतात.

मराठी वाचकांनी जाणून घ्यावं असं काही यात आहे. आपल्याकडचा माणूस अशा प्रकरणात सापडला की अमेरिकन ऑफिसरला त्याचे कागद नीट वाचता येत नाहीत. पासपोर्टवर एक जन्मतारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे कळत नाही, आणि लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, आडनावाची दोन स्पेलिंगं ही सगळी ‘टोपणनावं’ म्हणून पहिल्याच पानावर जातात. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस नावं बदलत फिरतोय. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लिहिण्याची पद्धत होती, हे अहवालात एका वाक्यात लिहिलं की प्रश्न मिटतो.

त्याहून नाजूक गोष्ट सातबारा. आरोपीला मालमत्तेचा तपशील सही करून द्यावा लागतो. ‘गावाकडे शेती आहे, पण ती वडिलांची’ असं म्हणून तो ती सोडून देतो. वडील वारलेले असतात, फेरफार होऊन वारसांत त्याचं नाव लागलेलं असतं, आणि महाराष्ट्रातले सातबारे ऑनलाइन बघता येतात. मग ते लपवल्यासारखं दिसतं. प्रोबेशन ऑफिसरला महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर २ लेव्हल वाढू शकतात आणि कबुलीची सवलतही हातची जाऊ शकते. म्हणून ऑफिसरला मी सांगतो की ‘तुझी जमीन आहे का’ असं विचारू नकोस. ‘आई-वडिलांच्या, आजोबांच्या जमिनीच्या किंवा घराच्या कुठल्याही कागदावर तुझं नाव आहे का, वाटणी झाली आहे का’ असं विचार.

भाषेचंही तसंच. फेडरल कोर्टाची दुभाष्यांची प्रमाणपत्र परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशसाठी होते. मराठी दुभाषी शोधावा लागतो, आणि सोय म्हणून हिंदीवर भागवलं जातं. नोकरीपुरती हिंदी येणाऱ्या माणसाला आईचं आजारपण किंवा लहानपणचा मार हिंदीत सांगता येईलच असं नाही. आणि मुलाला किंवा मेव्हण्याला दुभाषी म्हणून बसवायचं नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी.

गावाकडच्या नातेवाइकांना फोन करायचा तर न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. पण डिजिटल अरेस्टच्या फसवणुकीनंतर ‘अमेरिकेच्या कोर्टातून बोलतोय’ म्हटलं की लोक फोन ठेवून देतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. म्हणून असा फोन आधी आरोपीच्या वकिलामार्फत ठरवून घ्यावा. कुणाला आला तर घाबरू नये. वकिलाकडून ऑफिसरचं नाव खात्री करून घ्यावं आणि मग मोकळेपणाने बोलावं. खरा ऑफिसर पैसे, ओटीपी किंवा बँकेचा पिन कधीच मागत नाही. तो विचारतो ते असं: लहानपणी घरची परिस्थिती कशी होती, कुणाचा सांभाळ त्याच्यावर आहे, काही आजार आहे का? नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत आणखी एक: फसवणुकीत नुकसान १०,००० डॉलरच्या वर गेलं तर हद्दपारीचा प्रश्न फार गंभीर होतो. नुकसानीचा आकडा तिथेही काढून बघितला जातो.

तपासणीत मी आधी माणसाबद्दलचा भाग एकटा वाचतो, गुन्ह्याचा भाग न उघडता. कारण गुन्हा आधी वाचला की बालपणीच्या प्रत्येक वाक्याला त्याचा रंग चढतो. नंतर प्रत्येक विधानाचा उगम समासात लिहून मागतो. ‘तो टोळीचा प्रमुख होता’ असं वाक्य आलं की विचारायचं, कोण म्हणतं? पाच किंवा अधिक माणसांचा म्होरक्या ठरला तर ४ लेव्हल वाढतात. ते एका तपास अधिकाऱ्याच्या अंदाजावर उभं राहू नये. आणि जुन्या अहवालावरून नवा बनवताना दुसऱ्याच माणसाचं नाव मधल्या परिच्छेदात राहून गेलेलं असतं. असं एक नाव सापडलं की पूर्ण अहवालावरचा विश्वास जातो.

हरकती आल्या की तरुण ऑफिसर दुखावतात. हरकत बरोबर असेल तर अहवाल बदलायचा. नसेल तर पुरवणीत आधार देऊन दोन-चार वाक्यांत उत्तर द्यायचं, वाद घालत बसायचं नाही. शिफारस वेगळ्या कागदावर असते, आणि बऱ्याच कोर्टांत ती फक्त न्यायाधीशांना दाखवायचा हुकूम असतो. ती लिहिण्याआधी दोन-तीन ऑफिसरांनी एकत्र बसून बोलावं. एकट्याचा राग किंवा कणव तिथे उतरायला नको. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या फाइली एकाच ऑफिसरकडे ओळीने जाऊ नयेत, याची काळजीही सुपरवायझरनेच घ्यायची. तो ऑफिसर स्वतः कधीच तक्रार करत नाही.

काही गोष्टी अहवालातून वगळायच्याच असतात: पुनर्वसनात गंभीर अडथळा आणेल असं निदान, गुप्ततेच्या आश्वासनावर मिळालेल्या माहितीचे स्रोत, कुणाच्या जिवावर बेतेल असा मजकूर. तुरुंगात कैदी एकमेकांचे अहवाल मागून कोण सरकारला फितूर झालं हे शोधत, म्हणून फेडरल तुरुंगांनी कैद्याला स्वतःच्या अहवालाची प्रत जवळ ठेवायला बंदी केली आहे.

शिक्षा झाल्यावर अहवाल टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरीला जातो. कैद्याला कुठल्या तुरुंगात पाठवायचं, हे तुरुंग विभागाचं तिथलं केंद्र ठरवतं. पुढची सगळी वर्षं उपचार, सुरक्षेची पातळी, सुटकेनंतरची देखरेख हे सगळं याच कागदांवरून चालतं. निकालानंतर त्यात फारसं बदलता येत नाही. नियम ३६ खाली लेखनातली चूक सुधारता येते, पण मजकुरावरचा वाद पुन्हा उघडता येत नाही. म्हणून सुनावणीत न्यायाधीशांनी एखादी हरकत मान्य केली, तर ऑफिसरने त्याच दिवशी परिच्छेदाचा क्रमांक लिहून घ्यावा. कोर्टाचा तो निर्णय तुरुंगाकडे जाणाऱ्या प्रतीला जोडणं नियमानेच आवश्यक आहे, आणि पाकीट बंद होण्याआधी तो जोडलाय की नाही, हे सुपरवायझरने स्वतः बघावं.