सुई शून्यावर आणि धोतर राखाडी

दिवे घाटातल्या एकाच वळणावर मी सलग तीन वर्षं उभी राहिले, एका फोटोसाठी. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, त्या दिवशी बाबांची दिंडी तिथून जाते. त्यांची रांग माझ्यासमोरून सरकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. चुकलं की पुढची संधी थेट वर्षाने. म्हणूनच एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही: "सुई शून्यावर आणा, एक्स्पोजर बरोबर."

हे वाक्य मी दोन दिवसांच्या एका फोटोग्राफी वर्गात ऐकलं. एक्स्पोजर म्हणजे फोटोत किती उजेड उतरतो ते. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे सगळं तिथे छान समजलं: शटर म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र (एफ/ चा आकडा मोठा तर छिद्र लहान), आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते. आयएसओ दुप्पट केला की फोटो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळतो, शटरचा वेळ निम्मा केला की एक स्टॉप गडद होतो, हे हिशेब मला चटकन जमले. मॅन्युअल मोडवर ठेवायचं (सगळे आकडे आपणच ठरवायचे), व्ह्यूफाइंडरखालची, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मधोमध शून्यावर आणायची, झालं. ते मी वेदवाक्य मानलं.

पहिल्या वर्षी आभाळ पूर्ण भरलेलं होतं. वाहनांना घाट बंद असतो, म्हणून वडकीपासून चालत वर गेले आणि मस्तानी तलाव खाली दिसतो त्या बाजूला जागा धरली. आयएसओ ४००, एफ/८. समोर नुसता पांढरा पूर: धोतरं, सदरे, टोप्या. सुई शून्यावर आणायला शटर १/१००० पर्यंत न्यावा लागला. बाबा आले, टाळ वाजवत, माझ्याकडे बघून हसले. मी वीसेक फोटो घेतले. स्क्रीनवर ते काळपट वाटत होते, पण उघड्यावर स्क्रीन नेहमीच मंद दिसतो अशी मी मनाची समजूत घातली. सुई तर शून्यावर होती ना!

वारीहून परत आल्यावर बाबांनी प्रिंट हातात घेतला. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नीळ कमी पडली होती का गं?"

बाबा वारीचं धोतर स्वतः धुतात, नीळ देतात, कडक वाळवतात. फोटोत ते पावसाळी आभाळासारखं राखाडी आलं होतं आणि त्यांचा सावळा चेहरा टोपीखाली काळाठिक्कर. त्या दिवशी मला कॅमेऱ्याचा नाही, त्या वाक्याचा संताप आला.

मग मी गच्चीवर एक प्रयोग केला. हा प्रयोग कुणीही करावा, अर्धा तास लागतो. दोरीवर बाबांचं धोतर टाकलं, शेजारी काळी घोंगडी. ढगाळ उजेड, दोघांवर सारखाच. आधी फक्त धोतराने फ्रेम भरली, सुई शून्यावर आणून फोटो काढला. मग फक्त घोंगडीने फ्रेम भरली, पुन्हा सुई शून्यावर. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठला धोतराचा आणि कुठला घोंगडीचा ते विणीवरूनच ओळखावं लागलं. दोन्हीकडे तोच राखाडी रंग.

कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं. वस्तू पांढरी आहे की काळी हे त्याला माहीत नसतं. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या छटेचं आहे असं ते धरून चालतं. १८ टक्के करडा म्हणतात तो हाच. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर मीटरला वाटतं उजेड फार आहे, म्हणून ते फोटो गडद करायला लावतं. काळं जास्त असेल तर उलट. शून्य म्हणजे "बरोबर" नाही, शून्य म्हणजे "करडं". एवढं एक वाक्य त्या वर्गात सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं! त्या दिवशी घाटात १/१००० नाही, १/४०० हवा होता. म्हणजे साधारण सव्वा स्टॉपचा फरक, आणि नीळ दिलेलं धोतर राखाडी व्हायला तेवढा पुरतो.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, मी तेव्हा उघडलासुद्धा नव्हता. नंतर पाहिला तर सगळा डोंगर मधोमध आणि उजवीकडचा भाग रिकामा. पांढऱ्या कपड्यांच्या फोटोत डोंगर उजवीकडे असायला हवा, फक्त उजव्या भिंतीला धडकता कामा नये. स्क्रीनवर हाताची सावली धरून हा आलेख पाहायची सवय लावून घ्या. फोटो कसा "दिसतो" यावर उघड्यावर कधीच विसंबू नका.

दुसऱ्या वर्षी मी "पांढरं म्हणजे प्लस" हा धडा गिरवत गेले. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावली (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा मुद्दाम जास्त-कमी उजेड, +१.३ वर ठेवलं आणि ते तसंच राहिलं. बाबांच्या रांगेच्या आधी तुळशीवृंदावनं घेतलेल्या बायकांचा घोळका आला, गर्द हिरवी आणि जांभळी नऊवारी. त्यांच्या मागोमाग बाबा, पण फ्रेमचा मोठा भाग त्या गडद लुगड्यांनी व्यापलेला. मीटरने गडद रंग बघून आधीच उजेड वाढवला होता, त्यावर माझा +१.३. बाबांची टोपी आणि खांदे जळाले. जळालेल्या पांढऱ्यात सुरकुती नाही, शिवण नाही, काही उरत नाही, आणि मी जेपेगच (कॅमेऱ्याने आकुंचित केलेली तयार फाइल) काढत होते, त्यामुळे नंतर कॉम्प्युटरवरही काही परत आणता आलं नाही. त्या रात्री मी रडले, हे लपवत नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र मी कपड्यांचा रंग मोजणंच सोडून दिलं. सकाळी वळणावर पोचल्यावर रस्त्याकडेच्या गवताने फ्रेम भरली आणि त्यावर सुई शून्यावर आणली. हिरवं गवत जवळजवळ मध्यम करड्या छटेइतकाच उजेड परत देतं, म्हणून तिथे शून्य चालतं. पडताळा म्हणून स्वतःचा तळहात धरला. तळहात साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून तिथे सुई +१ वर दिसली पाहिजे, आणि दिसली. गवत आणि तळहात दोन्ही बाबांवर पडणार त्याच उजेडात हवेत, झाडाखाली सावलीत नकोत. ओल्या डांबरावर मोजू नका, ते आभाळासारखं चमकतं.

आकडे आले एफ/८, आयएसओ ४००, १/४००. मॅन्युअलवर तेच ठेवले आणि मग पांढरे येवोत की जांभळे, हात लावला नाही. सुई इकडेतिकडे नाचत होती, नाचू दिली. म्हणजे मॅन्युअल मोडचा सल्ला खोटा नव्हता. उजेड एकसारखा असताना तोच उत्तम, पण सुई कुठल्या वस्तूवर शून्य करायची हे कुणीतरी सांगायला हवं.

एफ/८ का, हेही विचारतात. माझी साधी १८-५५ लेन्स आहे. एफ/३.५ वर ठेवून झूम केलं की ती आपोआप एफ/५.६ वर जाते आणि मॅन्युअलवर फोटो गुपचूप गडद होतो. एफ/८ वर ती भानगड नाही, आणि रांगेतले पुढचेमागचे दोन-तीन चेहरे फोकसमध्ये राहतात. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं. पावली खेळताना, उड्या मारणाऱ्या पखवाजवाल्यांना १/५०० तरी हवं. रिंगणातल्या अश्वाला १/१०००. त्यासाठी आयएसओ ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणारे थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

ऊन-सावलीचा खेळ असेल तर माझी ही पद्धत मोडते. त्याच एफ/८ आणि आयएसओ ४०० ला स्वच्छ उन्हात १/१६०० लागतो, भरल्या आभाळात १/४००. दोन स्टॉपचा फरक, तोही क्षणात. अशा वेळी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी बरी, जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा हायलाइट अलर्ट चालू ठेवून. पांढरं लुकलुकायला लागलं की कॉम्पेन्सेशन थोडं खाली घ्यायचं आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न आकुंचित केलेली नोंद) काढायची, कारण सावलीतला चेहरा नंतर वर आणता येतो, जळालेलं धोतर नाही. शक्य असेल तर मी ढगाची वाट बघते. भर उन्हात टोपीची सावली डोळ्यांवर पडतेच.

तर त्या तिसऱ्या वर्षी बाबा आले. "माउली, सरा जरा," असं कुणीतरी माझ्याच बाजूने ओरडलं, समोर दोन पावलं जागा झाली आणि मी सात फोटो काढले. त्यातला चौथा आता घरात लावला आहे. धोतर पांढरंशुभ्र आणि तरी निऱ्या मोजता येतात. सदऱ्याच्या खिशाजवळ बुक्क्याचं बोट लागलेलं दिसतं. बाबा त्या डागाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, हेसुद्धा आलंय."

आणखी एक राहिलं. घाटातून सासवडला पोचून रात्री मांडवात कीर्तनाचे फोटो काढणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/४०० सारख्या शटरवर फोटोत काळे पट्टे येतात. फ्लॅश मारू नका, कीर्तनकाराच्या डोळ्यांवर येतो. आणि निघण्यापूर्वी कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे का ते बघा; बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केला तरी कालचा आकडा तसाच बसलेला असतो.